भिंतीखालून येणारं पाणी

मधुभाऊ, आज हवा अजिबात नाही. साडेपाचला बाहेर आलो तेव्हा कढीपत्त्याचं पानसुद्धा हलत नव्हतं. पूर्वेला ढग आहेत, पण ते रोजचेच. येतात, थोडा वेळ उभे राहतात आणि दुसऱ्या चहापर्यंत निघून जातात. जास्वंदीच्या पानावरून बोट फिरवलं तर बोट काळं झालं, म्हणजे रात्री वारा उरल्याच्या कारखान्यांकडून होता. काल बेचाळीस होतं. आज एखादा अंश कमी असेल.

आधी हवा सांगायची, मग घरचं. आपला चौदा वर्षांचा नियम, आणि तो तुम्हीच घालून दिलेला. मी रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या या घरात राहायला आलो तो पहिला आठवडा होता. बाबांना नवं घर नको होतं, दोन दिवस ते नीट जेवले नव्हते, आणि मी कंपाउंडच्या भिंतीपाशी उभा राहून तुम्हाला, म्हणजे त्या वेळी नाव-गावही माहीत नसलेल्या माणसाला, घाईघाईने ते सगळं सांगायला लागलो होतो. तुम्ही पाइप दुसऱ्या हातात घेतला.

"थांब. पहिले सांग, तिकडं हवा कशी आहे?"

मी गोंधळलो. मध्ये चार फुटांची भिंत. तिकडची हवा आणि इकडची हवा वेगळी कशी असणार?

"तरी सांग ना बाप्पा. हवेचं सांगता सांगता माणूस थंडा होते. मग घरचं सांगितलं त जास्तीचं तोंडातून निघत नाही."

हे मी नंतर हजारो सकाळी पाळलं. एका सकाळी पाळलं नाही. तेवढ्यासाठी हे लिहितो आहे.

तुमच्याबद्दल जे सांगायचं ते तेराव्याला हॉलमध्ये सांगून झालं. रेल्वेतली नोकरी, स्वभाव, मदतीला धावून जाणं. मलाही दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. मी म्हणालो, "मधुभाऊंचा आवाज रोज सकाळी भिंतीपलीकडून यायचा," आणि खाली बसलो. लोकांना वाटलं माझा गळा दाटून आला. तसं नव्हतं. पुढचं वाक्य खोटं बोलावं लागलं असतं.

तुमच्या आवाजाचं मात्र खरं होतं. मी अजून दारात असतानाच तुम्ही सुरू करायचात.

"काय जी शिरीषबाबू, तुमच्या मिलनं आज माझ्या मोगऱ्याले काजळ लावलं."

"माझी मिल नाही मधुभाऊ. मी तिथं फायली लावतो फक्त."

"तेच म्हणतो मी. फायली लावता लावता एखाद दिवस चिमणीची खिडकी लावत जा."

मग तुम्ही भिंतीवर ठेवलेल्या माझ्या कुंड्यांमध्ये बोट खुपसायचात. न विचारता, दुसऱ्या पेरापर्यंत. मला चीड यायची, कारण प्रत्येक कुंडीत तुमच्या बोटाचं एक भोक राहायचं, जणू कोणी हजेरी लावून गेलंय. "ऊन पाहून पाणी देते तो बह्याड," तुम्ही म्हणायचात, "माती पाहून द्या. वरून सुकली दिसते, अन् आत पहा, चिखल." माझं लिंबू मी पाणी घालून घालून मारणार होतो, ते तुमच्या बोटामुळे वाचलं. या वर्षी त्याला पहिल्यांदा फळं धरली आहेत. तुम्ही ती पाहिली का, हे तुम्ही असेपर्यंत मला कळलं नाही.

बोलत असताना तुमचा नळ बंद नसायचा. पाइप कुठल्यातरी आळ्यात सोडलेला, आळं भरून वाहतंय, आणि तुम्ही भिंतीला कोपर टेकवून मला सांगताय की काल बंगलोरहून तुमच्या निखिलचा फोन आला की नाही, वहिनींचा गुडघा काय म्हणतो, आणि भाजीवालीने दोडके म्हणून कडू काहीतरी कसं गळ्यात मारलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी ओरडायच्या.

"अजी, टाकी खाली करता का? नळ बंद करूनबी बोलणं होते."

"नळ बंद केला त वाटते काम झालं," तुम्ही मला हळूच सांगायचात. "मग आत जा, पेपर वाचा, गोळ्या खा. चालू राहू दे."

ते वाहतं पाणी भिंतीच्या बुडाशी पावसाच्या निचऱ्यासाठी ठेवलेल्या भोकातून माझ्याकडे यायचं आणि माझ्या लाल भाजीच्या, म्हणजे लाल माठाच्या, वाफ्यात शिरायचं. त्या वाफ्याला मी कधी वेगळं पाणी दिलं नाही. आपण जितकं जास्त बोलायचो तितकी भाजी चांगली यायची. अर्चना म्हणायची, "आज भाजी कोवळी आहे, या आठवड्यात कोणाचं काय काय निघालं?"

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून हवेनंतरचा तुमचा पहिला प्रश्न बाबांचा असायचा. बायको असून अर्चनालाही सांगितल्या नाहीत अशा गोष्टी मी त्या भिंतीवर सांगितल्या आहेत. बाबांचे कपडे बदलताना मला किळस येते, हे सांगितलं. एका सकाळी त्यांचा श्वास लागला तेव्हा मदतीला धावण्याआधी क्षणभर मी दारातच थांबलो होतो, हेही सांगितलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. भेंडीच्या आळ्यात पाइप धरून होतात. मग म्हणालात, "माझ्या बापाच्या वेळी मी अंगणात येऊन उभा राहिलो होतो. तू त दारात होता. जा, पाणी दे भेंडीले."

त्या दिवशी मी किती हलका होऊन ऑफिसला गेलो, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आणि मग तो आपला वाद. दोन हिवाळे चालला, संपला नाही.

"बापाले बाहेर आण शिरीष. सकाळी अर्धा तास. इथं भेंडीपाशी खुर्ची टाक."

"थंडी आहे मधुभाऊ."

फेब्रुवारीत मी म्हणालो, वारा सुटून राहिला. मार्चमध्ये म्हणालो, ऊन लागेल. पावसाळ्यात डास होते. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात. एकदा म्हणालात, "तुझ्या हिशेबानं रायपूरले हवामानच नाही माणसासाठी." मी हसलो. खरं कारण हवेचं नव्हतं, तुम्हालाही ते माहीत होतं. बाबा आयुष्यभर शाळेत मास्तर. रस्त्याने जाताना माणसं सायकलवरून उतरायची. आता त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलेलं, हनुवटीवर लाळ, गळ्यात फडकं. आपल्या अंगणाला नुसती जाळी आहे, बाहेरून जाणारा प्रत्येक माणूस आत पाहतो. मला त्यांची लाज वाटत होती. म्हणजे मी स्वतःला सांगत होतो की त्यांना लाज वाटेल.

या मे महिन्यात एका रविवारी मी बाबांसाठी चादरी आणायला पंडरीच्या कापडबाजारात गेलो होतो. परत आलो तर तुम्ही आमच्या आतल्या खोलीत, बाबांच्या पलंगावर त्यांचा हात धरून बसला होतात.

"काय गुरुजी, येता का उद्या बाहेर? लाल भाजी दाखवतो तुमाले तुमच्या पोराची."

बाबा होकाराची मान हलवत होते. पुन्हा पुन्हा हलवत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. अर्चना दाराशी उभी होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. मी चादरी खुर्चीवर टाकल्या आणि पाणी प्यायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तुम्ही भिंतीपाशी होतात. चेहरा खुलला होता. आमच्या दाराकडे मान उंचावून पाहत होतात, खुर्ची येते का. मी एकटाच आलो.

"मले विचारल्याशिवाय माझ्या बापाले काहून विचारलं तुम्ही?"

"अरे, हवा त सांग पहिले."

"हवा गेली खड्ड्यात. तुमचा पोट्टा बंगलोरले बसून तुमाले विचारत नाही, म्हणून दुसऱ्याच्या बापाचा पुळका येऊन राहिला तुमाले."

तुम्ही आधी मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलंत. वहिनींनी ऐकलं तर नाही, एवढंच. मग तुम्ही नळापाशी गेलात आणि नळ बंद केलात. मी भिंतीशी उभा असताना तुम्ही नळ बंद केल्याची ती पहिली वेळ. पाइपातलं उरलेलं पाणी आळ्यात गळत राहिलं, तेही थांबलं, आणि तुम्ही आत गेलात.

त्याच संध्याकाळी मी हिरवी नेट आणली. नौतपा लागायला दोनच दिवस होते. त्या नऊ दिवसांच्या उन्हात सगळी कॉलोनी रोपांवर नेट बांधते, त्यामुळे कोणी काही विचारणार नव्हतं. मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू रोवले आणि डोक्याच्या वर जाईल अशी नेट कुंड्यांच्या पलीकडून ताणून बांधली.

अर्चना बाहेर येऊन पाहत राहिली. "उत्तरेले नेट? ऊन काय आता वहिनींच्या घरून येते?"

"गरम वारा येतो," मी म्हणालो.

तुमच्यासारख्या माणसाला उत्तरेची नेट काय ते पहिल्या नजरेत कळलं असणार. नेटच्या विणीतून तुमची नुसती हिरवट सावली दिसायची. खोकला ऐकू यायचा, नळ सुरू झाल्याचा आवाज यायचा, लगेच बंद झाल्याचा यायचा. तुमचं पाणी देणं आता पंधरा मिनिटांत उरकत होतं. माझ्या लाल भाजीच्या वाफ्याला भेगा पडायला लागल्या.

मधे दोन दिवस मी नागपूरला चुलतभावाच्या घरच्या लग्नाला गेलो. कुठेही जायचं असलं की भिंतीवरून "दोन दिवस पहा" एवढं म्हणायचं, ही आपली रीत. त्या वेळी म्हणालो नाही. अर्चना बाबांपाशी अडकलेली, तिला पाणी द्यायला जमलं नाही, तिने फोनवरच सांगून टाकलं होतं. पंचेचाळीसच्या उन्हात दोन दिवस. सगळं गेलं असेल असं धरूनच मी परत आलो. भिंतीवरच्या कुंड्या ओल्या होत्या. नेटची खालची कड एका ठिकाणी उचललेली, आणि प्रत्येक कुंडीत बोटाचं भोक.

मी काय केलं सांगू? अंगठ्याने एकेक भोक दाबून माती सारखी केली. सगळ्या कुंड्यांची. मग नेटची कड दोरीने भिंतीशी आवळून बांधली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशीची ती सकाळ.

हवा होती थोडी. आकाश स्वच्छ होतं. मी टोमॅटोची वाळलेली पानं काढत होतो. तुमच्या चपला ऐकल्या, खोकला ऐकला, नळ सुरू झाला. मग कुंडी जमिनीवर ठेवावी तसा एक आवाज आला. जड कुंडी, जरा जोरात ठेवलेली. मला वाटलं, कुंड्या हलवताय. पाणी चालू राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्या आठवड्यात इतका वेळ तुमचं पाणी कधी चाललं नव्हतं. आणि मग ते भिंतीखालच्या भोकातून आलं. आधी एक ओघळ, त्याच्या तोंडाशी मोगऱ्याचं पान, आणि मागोमाग धार. लाल भाजीच्या भेगांमध्ये ते शिरायला लागलं.

मला काय वाटलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम सोडताय. मी नेटशी यावं, "बस करा" म्हणावं, म्हणजे पहिलं बोलणं माझं झालं. मला हसूसुद्धा आलं थोडं. मी खुरपी घेतली, टोमॅटोच्या वाफ्यातली माती ओढली आणि त्या भोकाशी बांध घातला. टाचेने दाबून पक्का केला. पाणी थांबलं. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो, जिंकल्यासारखा, आणि दाढी करायला आत गेलो.

अर्धी दाढी झाली होती तेव्हा वहिनींची हाक आली. माझं नाव नव्हतं त्यात, तुमचंही नव्हतं.

नेट फाडून भिंतीवर चढलो. तुम्ही उताणे होतात, पाइप हाताजवळ, पाणी चालूच. तुमच्या बाजूला जमीन भिंतीकडे उतरती आहे. जायला वाट नसल्यामुळे पाणी तिथे साचलं होतं, चांगलं दोन बोटं, आणि तुम्ही त्या पाण्यात होतात. खांदे, पाठ, एक गाल. चहाचा कप वहिनींच्या हातातच होता. त्या सारखं एकच म्हणत होत्या, "हे भिजले कसे? इतके भिजले कसे बाई हे?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हार्टचं होतं. थोडं आधी आणलं असतं तर, असं तिथे कोणी विचारलं नाही. मी विचारणार होतो. माझ्या अर्ध्या तोंडावर साबण वाळला होता, तो धुवायला गेलो, परत आलो तर डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेले होते. मी मागे गेलो नाही.

वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "भाऊजी अर्ध्या दाढीनं भिंत फांदून आले. सख्खा भाऊ येणार नाही असे." मी खाली मान घालून ऐकायचो. माणसं माझा खांदा थोपटायची.

निखिल आला. तो आपल्याशी हिंदीतच बोलतो, तुम्ही चिडायचात ना त्याच्यावर. सगळे गेल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला. "अंकल, पापा हर संडे फोन पे पहले मौसम बताते थे, फिर आपका गार्डन. नींबू में फल आ गए, ये भी बताया था. मैं बोलता था, पापा, अपना भी तो कुछ बताओ."

म्हणजे लिंबं तुम्ही पाहिली होतीत. आणि तो तुम्हाला फोन करत होता. दर रविवारी. कधी एखादा रविवार चुकला असेल, आणि तुम्ही तेवढंच भिंतीवर येऊन बोलला असाल, जसं माणूस दुखतं तेवढंच बोलतो. मी तेच उचललं आणि तुमच्यावर फेकलं.

फाटलेली नेट मी दुसऱ्या दिवशी काढली. काढताना लिंबाच्या कुंडीत मागच्या बाजूला, पानांच्या आड, एक भोक सापडलं. त्या दिवशी दाबायचं राहून गेलेलं. माती वाळून त्याच्या कडा कडक झाल्या आहेत. आता मी त्या कुंडीला बाजूबाजूने पाणी घालतो, धार तिथे पडू देत नाही. रोज थोडी माती आत सरकते. दुसऱ्या पेरापर्यंतचं भोक आता पहिल्या पेरापर्यंत उरलं आहे.

आणि पाणी ऐकू येतं मधुभाऊ. दात घासताना, गाडी पुसताना, ऑफिसात प्रिंटर सुरू झाला तरी. भिंतीपलीकडे आळं भरून वाहतंय असं वाटतं. सकाळी मी आता बाहेर आलो की आधी विटेवर चढून, कुंड्यांवरून वाकून तुमच्याकडे पाहतो. पाइप गुंडाळून खुंटीला टांगलेला असतो, कोरडा. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतो. ज्या सकाळी पाहायला हवं होतं ती एक सोडून बाकी सगळ्या सकाळी मी पाहतो आहे.

बाबांना बाहेर आणलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. खुर्ची दारातून जात नाही असं मी तुम्हाला सांगायचो. ती जरा तिरपी केली की जाते. भेंडीपाशी बसवलं. जाळीबाहेरून दोन माणसं गेली, एकाने हात जोडले, "पाय लागू गुरुजी" म्हणाला आणि पुढे गेला. बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते भिंतीकडे पाहत होते.

"मधू?"

झटक्यानंतर त्यांना सातआठच शब्द येतात. त्यात तुमचं नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्याबरोबर पुन्हा विचारलं, "मधू?" आता रोज विचारतात. रोज कसं सांगणार? मी म्हणतो, "आज ढग आहेत बाबा," आणि ते वर पाहतात.

बांध तसाच होता. वाळून दगडासारखा झाला होता. वाफ्यात लाल भाजीच्या काड्या उभ्या होत्या. तो फोडायला मी दोनदा खुरपी घेऊन बसलो आणि उठलो. फोडला असता तर कोणालाच कधी कळलं नसतं, म्हणून फोडवत नव्हता.

मागच्या गुरुवारी वहिनी बाहेर आल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी पाइप हातात घेतला होता. नळ अजून सुरू केला नव्हता. मी भिंतीशी गेलो.

"हवा नाही आज, वहिनी."

"हव," त्या मान डोलावत म्हणाल्या. "दोन दिवस झाले अशीच आहे. बाबा कसे आहेत?"

मग मी सांगितलं. पोट्ट्याबद्दल बोललो ते, नेट, कुंड्यांतली भोकं, तो आवाज, बांध. तुम्ही भिजलात कसे तेही. बोलताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, मोगऱ्याकडे पाहत होतो. मी थांबलो तेव्हा त्या पाइपाचं तोंड अंगठ्याने चोळत होत्या.

"पाणी मलेबी ऐकू येत होतं भाऊजी."

मी वर पाहिलं.

"चहा ठेवला होता मी. पाइप चालू, चालूच. मले वाटलं, झालं बाप्पा, बोलून राहिले दोघं. हप्ताभर ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. विचारलं त म्हणे, ऊन लागलं. म्हटलं आज बोलू दे पोटभर, ओरडत नाही मी आज टाकीसाठी." त्यांनी पाइपाचं तोंड खाली केलं. "चहा झाला होता. दोनदा गरम केला. मुद्दाम उशिरा आणला."

त्यांनी पाइप खुंटीला अडकवला आणि आत गेल्या.

त्यांना थांबवून मी काय म्हणायला हवं होतं? तुमची काही चूक नाही, हे माझ्या तोंडून कसं निघणार होतं? अशा वेळी काय बोलायचं हे आपल्या दोन घरांत एकाच माणसाला येत होतं. मला तुमचं तेवढं एक वाक्य आठवलं. मी गेलो आणि भेंडीला पाणी दिलं. मग वाफ्यात बसलो आणि बांध फोडला. खुरपी लागत नव्हती, शेवटी पहार आणली. माझ्या टाचेचा खळगा त्यात तसाच होता.

शुक्रवारी वहिनी बाहेर आल्या नाहीत. शनिवारी नाही, रविवारी नाही. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. मला वाटलं, हे आता असंच राहणार. मोगरा वाळायला लागला, तर मी भिंतीवरून पाइप टाकून त्याला पाणी दिलं, आणि बोट खुपसून पाहिलं. आत चिखल झाला नव्हता.

आज सोमवार. बाबांना खुर्चीत बसवून मी टोमॅटोपाशी गेलो तेवढ्यात पलीकडे पाणी ऐकू आलं. मी लक्ष दिलं नाही, ते रोजच येतं. पण ते थांबेना. मग भिंतीखालच्या भोकातून ओघळ आला. तोंडाशी वाळलेलं पान, मागे धार.

खुरपी कुठे पडली मला माहीत नाही. मी विटेवर चढलो.

वहिनी भिंतीला लागून उभ्या होत्या. पाइप खाली सोडला होता, अगदी बुडाशी, आणि त्या पाणी कुठे जातं ते पाहत होत्या. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "हवा कशी आहे तिकडं?"

मी आधी वर आकाशाकडे पाहिलं. "नाही, हवा नाही," मी म्हणालो. "ढग आहेत."

"बांध फोडला का?"

"हव."

"मग येऊ द्या."

पाणी वाफ्यात पसरत गेलं. काड्यांच्या मधून, भेगांमधून, भेंडीपर्यंत. बाबांची खुर्ची तिथेच होती. पाणी त्यांच्या अनवाणी पायाला लागलं तेव्हा त्यांनी पाय उचलला नाही. त्यांनी खाली पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"मधू आला," बाबा म्हणाले.

भिंतीपलीकडे वहिनींनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही कोणीच नळ बंद करायला गेलो नाही.